किटवरचं नाव

११ एप्रिल २०२१, रविवार

रविवार फक्त कॅलेंडरात. ड्यूटी लिस्ट चौथ्यांदा खोडली. नऊ पोरी पॉझिटिव्ह, दोघींनी राजीनामे टाकले, एकीला सातवा महिना. उरलेल्यांत तीन पाळ्या बसवायच्या. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे. ऑफिसात म्हणतात, मॅडम ॲडजस्ट करा. तीस वर्षं तेच करते आहे, आता मेट्रन होऊनही तेच.

निघायच्या आधी उद्याच्या पीपीई किटवर नावं टाकली. पुढे, मागे, काळ्या मार्करने, मोठ्या अक्षरात. आत गेल्यावर चेहरे दिसत नाहीत, सगळ्या सारख्याच. पेशंट छातीवरचं नाव वाचून हाक मारतात. हे काम मी कोणाला देत नाही. पोरींची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय.

रोशनी मागे लागली, "मॅडम, माह्या नावासमोर सिस्टर नका लिहू. म्हाताऱ्या लोकायले येवढं वाचता नाही येत. नुसतं रोशनी लिहा." लिहिलं. सत्तावीस वर्षांची पोरगी, मलाच शिकवते. पण आजचा तिचा सलग नववा दिवस. एका शब्दाने कुरकुर नाही. जी कुरकुर करत नाही तिलाच जास्त ड्यूट्या लागतात, हेही तीस वर्षं पाहते आहे. आणि लावणारी मीच.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. रोशनीने फक्त सकाळ मागितली. एरवी तिचे बाबा भिवापूरहून येतात, बापलेक दीक्षाभूमीला जातात. या वर्षी सगळं बंद. खोलीवरच वंदना करून दुपारी बरोबर दोनला हजर. थकलेली वाटली. विचारलं तर म्हणे, "काही नाही मॅडम, उन्हातून आली ना."

मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर सुट्टी द्यावी लागली असती.

१५ एप्रिल, गुरुवार

रोशनी दीडला आली, हजेरीपटावर सही केली, किट घ्यायला गेली आणि खुर्चीवर बसली. "मॅडम, मले थंडी वाजून राहिली." बाहेर बेचाळीसचं ऊन. ऑक्सिमीटर लावला, ९१. परत लावला, ९०. तपासणीला पाठवली.

वॉर्डात अडतीस पेशंट, बाकी तीनच पोरी. किट मोजून आलेले. तिचाच किट चढवला आणि मी आत गेले. रात्री आठला बाहेर.

दमले आहे. पुढचं उद्या लिहीन. लिहायलाच पाहिजे.

१६ एप्रिल, शुक्रवार

सकाळ, चहा झाला. हे अजून उठायचे आहेत. एका दमात लिहून टाकते.

वॉर्ड तळमजल्यावर आहे. कडुलिंबाच्या बाजूच्या खिडकीबाहेर रोज पाचला नातेवाइकांना पाच-पाच मिनिटं उभं राहू देतो. नियमात नाही, मीच गार्डला सांगून ठेवलं आहे. १७ नंबरच्या सुमनबाई, वय बासष्ट. त्यांची लेक अर्चना हुडकेश्वरहून रोज यायची. हात हलवायची, डबा दाखवायची, जायची.

काल सकाळी १७ चा ऑक्सिजनचा पॉइंट बिघडला. सुमनबाईंना ९ वर नेलं आणि ९ वरची बाई, जिचा ऑक्सिजन निघाला होता, ती १७ वर आली. भिंतीवरची बेड आणि नातेवाइकांच्या फोनची यादी तशीच राहिली, लेकीला कोणी कळवलं नाही. सकाळच्या पाळीकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डची माहिती, मी घेतली नव्हती, त्यामुळे कोण कुठे हलवलं हे मला ठाऊक नव्हतं.

साडेचारला वॉर्डचा फोन वाजला. "सतरा नंबरची मुलगी बोलते." गॉगलवर वाफ. मी वळून १७ कडे पाहिलं. बाई उठून बसलेली, खिचडी खाते आहे. सांगितलं, छान आहेत, जेवताहेत, ऑक्सिजन काढला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "मग आज नाही येत सिस्टर. घरी बाबांनाही ताप आहे. उद्या सकाळीच येते." मी म्हटलं, हो, आज आराम करा.

मग तिने विचारलं, "तुमचं नाव काय सिस्टर?"

मेट्रन म्हटलं की लोक बेड मागतात, इंजेक्शन मागतात, दिवसभर फोन करतात. दुपारपासून पेशंट मला रोशनी म्हणूनच हाक मारत होते. मी म्हटलं, रोशनी.

सुमनबाई सात वाजता गेल्या, ९ नंबरवर. हाताला नावाची पट्टी मी बांधली. बांधताना नाव वाचलं.

प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी काय शिकवते? बेडचा नंबर नाही, नाव विचारा. बेड बदलतो. चुकली की पोरींना रडेपर्यंत बोलते.

लेकीला डॉक्टरांनी फोन केला. मी तेव्हा किट उतरवत होते. उतरवायला जरा जास्तच वेळ लावला.

रिपोर्ट बुकात एक ओळ लिहायची आहे, रोशनी आजारी, तिच्या जागी मी. आज लिहीन.

१९ एप्रिल, सोमवार

ओळ लिहिली नाही. शुक्रवारी आणखी तीन पोरी पडल्या, शनिवारी सिलेंडरची बोंब. हे सगळं खरं आहे, पण ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो हेही खरं आहे.

रोशनी आपल्याच आयसीयूत. सिटी स्कोअर वाईट. मला म्हणते, "मॅडम, माह्या जागेवर कोणाले टाकलं?" मी म्हटलं, मीच गेले होते एक दिवस, तुझं काम तू किती वाढवून ठेवलंस ते पाहिलं. हसली, खोकला आला. बाबांना सांगू नका म्हणाली. सांगितलं, कारण सांगावंच लागतं.

ते आले, पण गेटच्या आत येता येत नाही. गेटवरूनच हात जोडले.

२२ एप्रिल, गुरुवार

तक्रार आली. हाताने लिहिलेली, दोन पानं. सुमनबाईंची लेक.

'सिस्टर रोशनी यांनी मला आई जेवते आहे, बरी आहे असे सांगितले. त्या वेळी माझी आई ९ नंबरवर शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी खरे सांगितले असते तर मी खिडकीतून तिला पाहिले असते. तिनेही मला पाहिले असते.'

प्रशासन विभागाच्या साहेबांनी हजेरीपट मागवला. पंधरा तारखेला रोशनीची सही आहेच. म्हणाले, "मॅडम, हिला मेमो द्या. सात दिवसांत खुलासा."

मी म्हटलं, ती आयसीयूत आहे.

"मग बरी झाल्यावर देईल. कागद तर निघू द्या. वरून विचारतात."

तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी हातानेच 'या' केलं, आणि मी आले. फोन वाजला नसता तर बोलले असते का? नाही बोलले असते. माझं मला माहीत आहे.

मेमो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एक प्रत त्यांनी फाइलला लावली.

२५ एप्रिल, रविवार

कोणीतरी रोशनीला तक्रारीचं सांगितलं. आयसीयूतल्या पोरींचं तोंड, तिळभर गोष्ट पोटात राहत नाही.

बायपॅपचा मास्क लागलेला, बोलता येत नाही. मला पाहून जवळ बोलावलं. मास्क थोडा बाजूला करून एक-एक शब्द.

"मॅडम... त्या दिवशी मी आत गेली होती काय?"

मी तिची चादर सरळ केली.

"मले आठवूनच नाही राहिलं. ताप होता ना. मी कोणाले असं बोलली असन काय?"

सॅच्युरेशन कमी झालं की असं होतं, मागचं-पुढचं आठवत नाही. मला तिला एवढंच सांगायचं होतं की तू नाही गं, मी. अर्धं वाक्य. मॉनिटर वाजायला लागला, तिथली सिस्टर धावत आली, मास्क नीट बसवला. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, मनाला लावून घेऊ नको, मी पाहते.

मी पाहते. किती चांगलं वाक्य आहे. तीस वर्षं सगळ्यांना हेच म्हणते.

ती डोळ्यांनी हो म्हणाली. तिने माझ्यावर भरवसा ठेवला. उद्या सकाळी आधी तिच्याकडे जाऊन सांगणार, मगच ऑफिस.

२६ एप्रिल, सोमवार

व्हेंटिलेटरवर घेतलं, पहाटेच. मी पोचले तेव्हा झोपेचं औषध चालू होतं. तरी कानाशी वाकून सांगितलं. ऐकू गेलं नसणार.

२७ एप्रिल, मंगळवार

रोशनी गेली. सकाळी नऊ वीस.

नावाची पट्टी मी बांधली. दुसऱ्या कोणाला बांधू दिली नाही.

३० एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. आवाज मऊ. "वाईट झालं मॅडम. ती तक्रारीची फाइल आता बंद करू. संबंधित कर्मचारी मयत, असा शेरा लिहा. प्रश्न मिटला."

शेरा मी लिहिला. माझ्या सुरेख अक्षरात. आणि खोटं कशाला लिहू, बाहेर आल्यावर क्षणभर हलकं वाटलं. मग जिन्यातच बसले.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उठून ताट वाढलं. मग म्हणाले, "तू जेवून घे."

१२ मे, बुधवार

परिचारिका दिन. प्रत्येकीला गुलाब. रोशनीचा फोटो टेबलावर, हार. साहेबांचं भाषण, देवदूत वगैरे. माझ्या शेजारी बसलेली एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, देवदूतायले सुट्टी नसते काय वं?" दुसरी हसली. मलाही हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. पोरींना वाटलं फोटोमुळे.

पेशंट कमी होताहेत. ड्यूटी लिस्ट आता एकाच खोडण्यात बसते. पण किटवर नावं टाकायचं काम मी दुसऱ्या सिस्टरला दिलं. अक्षर वाईट आहे तिचं. असू दे.

९ जून, बुधवार

रोशनीचे बाबा आले. तिची सर्टिफिकेटं न्यायला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. "जय भीम, बाई." मी खुर्ची दिली. बसले, पण टोकावर.

सर्टिफिकेटं घेतली, एकेक मोजून फाइलमध्ये ठेवलं. मग त्याच फाइलमधून एक कागद काढला. मेमो. ऑफिसने फाइलला लावलेल्या प्रतीवरून आणखी एक प्रत कायमच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. रोशनी गेल्यावर आठ दिवसांनी ती भिवापूरला पोचली.

"मी शाळेत शिपाई होतो, बाई. तेहतीस वर्सं. मले एकही मेमो नाही भेटला. पोरीले भेटला." कागद टेबलावर सरळ करत राहिले. "मले बाकी काही नाही पाहिजे. फक्त येवढं सांगा, माही रोशनी असं खोटं बोलली असन काय? थे तर लहानपणी मार खाये, पण खोटं नाही बोले."

मी उठून दार लावलं. आणि सांगितलं. बेडची अदलाबदल, फोन, नाव. मी होते त्या कपड्यात. तुमची मुलगी त्या दिवशी आत गेलीच नव्हती.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी केली, परत उघडली, परत घडी केली.

"तिले माहीत होतं काय, का थे तुमी होत्या म्हणून?"

नाही म्हटलं. सांगायचं राहिलं म्हटलं. मग म्हटलं, राहिलं नाही, मी सांगितलं नाही.

"मंग थे तसंच समजून गेली."

पंखा चालू होता तरी घाम. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते पटकन उभे राहिले, मागे सरकले. "नाही बाई, असं नका करू." दाराशी गेल्यावर वळले. "ऑफिसात मी काही म्हणत नाही. तुमची नोकरी तुमच्यापाशी. पण त्या बाईले सांगा. तिच्या मनात माह्या पोरीचं नाव खराब नाही राहिलं पाहिजे. येवढंच करा."

११ जून, शुक्रवार

ऑफिसला लेखी दिलं. दिनांक १५ एप्रिलच्या दुपारी रोशनीच्या जागी मी काम केले, सदर चूक माझी. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, बंद फाइल उघडायची म्हणजे... तुमच्या रिटायरमेंटला किती राहिले?"

अकरा महिने.

"मग ठेवू द्या माझ्याकडे." ड्रॉवर उघडला, कागद आत. आवक नंबर टाका म्हटलं तर म्हणे, "टाकतो ना." टाकलेला नाही.

घरी हे चिडले. "काहून आता सगळं अंगावर घेऊन राहिली? पोरगी तर परत येत नाही." मी म्हटलं, तिच्या बापाने एकच काम सांगितलं आहे. मग शांत झाले. रविवारी स्कूटरवर सोडून देतो म्हणाले.

१३ जून, रविवार

हुडकेश्वर. नवं ले-आउट, अर्धे प्लॉट रिकामे, घर सापडेना. हे कोपऱ्यावरच थांबले.

अर्चना माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. बत्तीस-तेहतीस. आत तिचे बाबा टीव्ही बघत होते. दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने मला मागच्या अंगणात नेलं, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी ज्यांच्याशी बोलले त्या तुम्ही."

हो.

"आणि ती रोशनी?"

ती त्याच दिवशी ॲडमिट झाली. सत्तावीस एप्रिलला गेली.

मला वाटलं आता बोलेल. काय बोलेल ते ऐकायची मी तयारी करून गेले होते. तिने वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी धरली.

"कधी गेली म्हणालात?"

सत्तावीस.

"मी तक्रार एकवीसला लिहिली. आणून टाकली गेटवरच्या पेटीत. आणि तिथंच उभी राहून म्हटलं, जिनं माझ्या आईचं शेवटचं तोंड मला पाहू नाही दिलं, तिच्या आईबापालाही तिचं तोंड पाहायला मिळू नये. मनापासून म्हटलं, सिस्टर. रोज म्हणत होते, नाव घेऊन." मग, "तिच्या आईबाबांना मिळालं का पाहायला?"

रोशनीला आई नाही. बाबा गेटवर होते. त्या दिवसांत कोणालाच देत नव्हते. बॅगेची चेन लावतात, गाडीत ठेवतात.

"नाही मिळालं," मी म्हटलं.

ती तिथेच, ओल्या फरशीवर बसली. मला शिवी दिली नाही, दोष दिला नाही. तोंडावर हात घट्ट धरून रडत राहिली, आत आवाज जाऊ नये म्हणून. मी बाजूला बसले. मी नर्स आहे. तळतळाटाने माणूस मरत नाही, दोन्ही फुप्फुसं गेली की मरतं, तिला असंच सांगितलं. आईसारखं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला नक्की माहीत आहे?"

तो तळतळाट माझा होता. माझ्यासाठीचा. मी त्याच्यावर त्या पोरीचं नाव टाकून दिलं.

१७ जून, गुरुवार

अर्चनाचा फोन, तिसऱ्यांदा. तिला रोशनीच्या बाबांचा नंबर पाहिजे. त्यांचे पाय धरायचे आहेत, काय म्हटलं होतं ते सांगून माफी मागायची आहे. झोप लागत नाही म्हणे, जेवण जात नाही. मी म्हटलं, पाहते. मग माझंच मला ऐकू आलं आणि म्हटलं, नाही, दोन दिवस दे.

हे म्हणतात, देऊ नको. त्या माणसाला कशाला ते ऐकवायचं. आपली मुलगी कोणाचा शाप घेऊन गेली, हे बापाला कळून काय भलं होणार.

पण तिला आता मीच परत गप्प बसवायचं? रोशनीला बसवलं होतं, मी पाहते म्हणून.

२० जून, रविवार

दहाला भिवापूरहून फोन. रोशनीचे बाबा. आवाजामागे कोणाच्या तरी शेळ्या.

"सांगितलं काय बाई त्यायले?"

सांगितलं.

"मंग? काय म्हणल्या?"

रडल्या म्हटलं.

म्हणाले, "चांगल्या घरच्या दिसतात. माह्या पोरीसाठी कोणी परकं रडलं." मग, "बाई, मी एकदा त्यायले भेटून येतो म्हणतो. त्यायचीही माय गेली. पत्ता द्या, मी येत्या बुधवारी नागपूरले येऊनच राहिलो."

मी म्हटलं, घरी नाही मी, संध्याकाळी सांगते. घरीच होते. ओट्याशी उभी.

आता पाच वाजले आहेत. अर्चनाचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. ह्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला. रोशनीच्या बाबांना पत्ता द्यायचा तर अर्चना सगळं सांगणार, ती सांगितल्याशिवाय राहणारी नाही. पत्ता नाही द्यायचा तर आणखी एक खोटं, तेही त्या माणसाशी.

त्यांचा फोन वाजतो आहे.